लाभलेलं टोपडं

"ठकी, हात काढ बाहेर. असा. शहाणी माझी बाई."

आई माझ्या मुलाला ठकी म्हणत होती. तो पाच दिवसांचा होता. दवाखान्यातून आदल्या दिवशी आम्ही दर्यापूरला माहेरच्या घरी आलो होतो, आणि पाचवीच्या पूजेआधी आईनं पलंगाखालची हिरवी पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली होती. तिच्यातून तिनं एकेक वस्तू काढली. फुलाफुलांचं झबलं, लेस पिवळी पडलेला फ्रॉक, मऊसूत दुपटी, आणि सगळ्यात खाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाल खणाचं टोपडं.

"आई, हे माझे कपडे आहेत?"

"तुझेबी. आधी माझे. मग तुझ्या कुमुद मावशीचे. तुझ्या आजीनं शिवले हातानं."

"मग निदान धुऊन तरी घे. पन्नास वर्षांचं झालं ते."

"धुवायचं नसतं. लाभलेले कपडे आहेत. धुतले का लाभ जाते."

"आई, मी एम.एस्सी. झालेली बाई आहे."

"हाव, माहीत आहे. दोन वर्षं अमरावतीला राहून माश्या मोजल्या. कोणत्या माशीचे डोळे लाल अन् कोणत्या माशीचे पांढरे. आता पोराकडे पाहा जरा."

मी हसले. पोरगा हातात होता, टाके दुखत होते, आणि आईशी वाद घालण्याइतकी ताकद नव्हती. शिवाय ती ते का करत होती ते मला माहीत होतं. आमच्या घरात मुलगा टिकत नाही. आजीला दोन मुलींवर मुलगा झाला, तो गेला. माझ्याआधी दोन वर्षं आईला मुलगा झाला होता, तो दहाव्या दिवशी गेला. बारसंही झालं नव्हतं, त्यामुळे त्याला नाव नाही. आम्ही त्याला नुसतं 'दादा' म्हणतो, तेही क्वचित. मुली मात्र सगळ्या जगल्या. म्हणून मुलाला मुलीचे कपडे घालायचे, मुलीच्या नावानं हाक मारायची. सटवाई येते, पाहते, आणि मुलगी समजून निघून जाते.

टोपड्याची नाडी आईनं हनुवटीखाली बांधली. बाळ त्यात एखाद्या म्हातारीसारखं दिसायला लागलं. मी वाकून त्याचा वास घेतला. दूध, तेल, आणि त्या पेटीचा थंडगार वास. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी याच पेटीवर बसून मी गोष्टीची पुस्तकं वाचायची. मला बरं वाटलं, अगदी सुरक्षित वाटलं.

सातव्या दिवशी सकाळी मी त्याच्या नाकाच्या शेंड्यावर अंगठा हळूच दाबला आणि उचलला. दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं. दाबलेली जागा पांढरी दिसायला हवी. ती पिवळी दिसली.

मी कपाळावर दाबलं. पिवळं. छातीवर दाबलं. पिवळं.

"होते बाप्पा," मालिश करणारी कांताबाई म्हणाली. "अर्ध्या पोरांना होते. सकाळच्या उन्हात धरा, चार दिसांत जाते."

मी त्याला उन्हात धरलं. तासाभरानं पुन्हा दाबून पाहिलं. मग पोटावर. मग मांडीवर. दिवसभरात किती वेळा दाबलं असेल कोण जाणे, शेवटी आईनं माझा हात धरला.

"दाबू दाबू मारशील त्याला."

बोलून गेल्यावर तिचा चेहरा असा झाला, की मी तिच्याकडे बघणंच टाळलं. ती उठली आणि बाळाचा लंगोट घेऊन मोरीकडे गेली. जरा जास्तच घाईनं गेली. लंगोट तर आम्ही बादलीत साठवायचो आणि दुपारी कांताबाई धुवायची. मी टाके सांभाळत भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले. आई पाण्याची तोटी पूर्ण सोडून लंगोट चोळत होती.

"दाखव."

"काय दाखवू? लंगोट आहे."

"आई, दाखव."

तिनं पिळलेला लंगोट उलगडला. धुऊनही डाग राहिला होता. कोऱ्या चहाचा असतो तसा.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ती तोटीकडे बघत राहिली. "तुझ्या दादाचंबी असंच झालं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस असं, अन् मग दूध सोडलं त्यानं."

अर्ध्या तासात शेजारच्या गजूभाऊंनी गाडी काढली. बाळ माझ्या मांडीवर होतं, अंगात झबलं, वर दुपटं, डोक्यावर टोपडं. आईनं उरलेल्या कपड्यांचं गाठोडं छातीशी धरलं होतं. पराग, माझा नवरा, पुण्याहून निघाला होता. दर दहा मिनिटांनी फोन करून तो एकच विचारायचा, पोचलात का? अमरावती पन्नास किलोमीटर आहे. वाटेत मी तीनदा बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. पहिल्या वेळी तो रडला. दुसऱ्या वेळी कण्हला. तिसऱ्या वेळी त्यानं नुसता पाय आखडून घेतला.

दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर होत्या तायडे मॅडम. पन्नाशीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी बाळाला उघडं केलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता नर्सला तीन-चार गोष्टी सांगितल्या. पाच मिनिटांत माझा मुलगा काचेपलीकडे निळ्या उजेडात पडला होता. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी. त्याचे कपडे नर्सनं आईच्या हातात आणून दिले.

तासाभरानं रिपोर्ट आला.

"काविळीचा आकडा एकवीस आहे," तायडे मॅडम म्हणाल्या. "आणि रक्त कमी झालंय. म्हणजे ही साधी कावीळ नाही, आत रक्त फुटतंय त्याचं. लाइटखाली ठेवून बघू. उतरली नाही तर रक्त बदलावं लागेल. थोडं थोडं काढायचं, थोडं थोडं घालायचं."

"आणि नाही बदललं तर?"

"मेंदूत शिरते ती. मग मूल ऐकत नाही, मान धरत नाही." त्या थांबल्या. "त्याहून वाईटही होतं. पण आत्ता आपण तिथे नाही, ताई. घरात आधी कोणाला असं झालंय?"

मी म्हटलं, सांगते. पण तोंडानं सांगता येईना. मी केसपेपर पालथा केला आणि त्यांचंच पेन घेऊन त्यावर काढायला लागले. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. गेलेल्यासाठी चौकोन काळा करायचा. आजी, गोल.  मग आई, गोल. कुमुद मावशी, गोल. त्यांच्या पाठचा त्यांचा भाऊ, काळा चौकोन. आईच्या खाली दादा, काळा चौकोन, आणि मी. मावशीच्या खाली तिचा पहिला, सातव्या दिवशी गेलेला, काळा चौकोन. त्यानंतरची रसिका, गोल.

आणि माझ्याखाली एक चौकोन. तो मी कोराच ठेवला.

काढून झाल्यावर मी कागदाकडे पाहिलं. हे चित्र मी शंभरदा काढलं होतं. एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागाच्या तळमजल्यावर मक्याच्या पिठाची आणि गुळाची लापशी शिजवून बाटल्यांत ओतायची, त्यावर फळमाश्या वाढवायच्या. त्यांना इथरनं गुंगवून पांढऱ्या फरशीवर ओतायचं आणि बारीक ब्रशनं वेगळं करायचं. इकडे नर, तिकडे माद्या. डोळे लाल की पांढरे. कधी कधी एखादी लाल डोळ्यांची मादी, दिसायला अगदी चारचौघींसारखी, पोटात पांढऱ्या डोळ्यांचा गुण दडवून असते. तिच्याकडे त्या गुणाच्या दोन जागा असतात, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. तिच्या मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या निघतात. मुलांकडे मात्र एकच जागा, आणि ती आईकडूनच येते. त्यातल्या निम्म्यांचे डोळे पांढरे निघतात. बाप कितीही लाल डोळ्यांचा असो.

दोन वर्षं मी त्या माद्या वहीत मांडल्या होत्या. आता मीच त्या कागदावर होते.

"माझ्याकडून आलंय," मी म्हटलं. "माझ्या आईकडून मला, माझ्याकडून त्याला. म्हणजे हे ठरलेलंच होतं. याच्यावर काहीच नाही ना करता येत?"

तायडे मॅडमनी कागद उचलून पाहिला. "तुम्ही काय शिकलात?"

"झूऑलॉजी. फळमाश्यांवर काम केलं."

"मग सांगा बरं, तुमच्या त्या पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या मरायच्या का?"

मला प्रश्नच कळला नाही. "नाही. चांगल्या जगायच्या. बाटलीत असेपर्यंत काहीच व्हायचं नाही त्यांना."

"मग? याच्या रक्तात एक एन्झाइम कमी असावं असं मला वाटतं. नमुना नागपूरला पाठवते. पण ते कमी असलेली पोरं सत्तर-ऐंशी वर्षं जगतात. नुसत्या त्यानं रक्त असं फुटत नाही. बाहेरून काहीतरी जावं लागतं. काही औषध दिलंत? घुटी? तुम्ही काही गोळ्या घेतल्यात?"

"नाही."

"अंगाला काही लावलं?"

"खोबरेल तेल फक्त."

"घरात डांबरगोळ्या? पेटीतले, कपाटातले जुने कपडे घातले का त्याला?"

मी खुर्ची मागे सरकवली. उठले आणि बाहेर गेले. बाकावर आई बसल्या बसल्या पेंगत होती, मांडीवर गाठोडं. मी त्यातलं एक दुपटं हळूच ओढून काढलं, आत आणलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. वास घ्यायला त्यांना वाकावंही लागलं नाही.

"हे धुतलं नव्हतं?"

"धुवायचं नसतं आमच्यात."

"दरवर्षी एखादं तरी येतं असं," त्या म्हणाल्या. "दोष असलेल्या पोराला या वासानंसुद्धा बाधतं, अंगाला लागल्यावर तर बोलायलाच नको. मुलींना बहुतेक वेळा काही होत नाही. त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही."

मुलींना काही होत नाही. म्हणून तर ते कपडे लाभले होते. आई जगली त्यांत, मावशी जगली, मी जगले, रसिका जगली. आणि मुलगा झाला की घरातल्या बायका सगळ्यात जास्त घाबरून, सगळ्यात जास्त मायेनं तेच कपडे काढायच्या. मावशीचा मुलगा गेला तेव्हा म्हणे पेटी अकोल्याला तिच्याकडे चौथ्या दिवशी पोचली, घालायला उशीर झाला. दादाच्या वेळी पेटी घरातच होती, पण पाचवीपर्यंत थांबले, पहिल्या दिवसापासून घातले असते तर वाचला असता, असं आई म्हणायची. एकोणतीस वर्षं म्हणत होती. आणि त्या एकोणतीस वर्षांत दर दिवाळीला ती पेटी उघडून, कसर लागू नये म्हणून मूठभर नव्या डांबरगोळ्या टाकत होती.

मी बाहेर आले तेव्हा ती जागी झाली होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

तिचे डोळे मी आजही विसरत नाही. पदराचं टोक तोंडात धरलं होतं तिनं.

"रक्तातला दोष आहे," मी म्हटलं. "जन्माचा. माझ्याकडून आला त्याला."

"तुझ्याकडून कसा?"

"तुझ्याकडून माझ्याकडे. आजीकडून तुझ्याकडे. बाईला होत नाही, मुलाला होतो."

तिनं मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या दादाचंबी तेच?"

"तेच."

"म्हणजे त्याच्यात कोणाची चूक नव्हती."

"नाही आई. कोणाचीच नव्हती."

तिनं तोंडातला पदर सोडला. एक मोठा श्वास घेतला, आणि मी पाहिलं, तिचे खांदे खाली आले. मी माझ्या आईचे खांदे इतके खाली आलेले कधीच पाहिले नव्हते. त्यापुढे मला बोलवेना.

"आणि ते कपडे आत न्यायचे नाहीत," मी म्हटलं. "बाहेरचा कपडा चालत नाही इथे. नियम आहे."

"बरं."

मी गाठोडं मागितलं. "राहू दे नं माझ्याजवळ," ती म्हणाली. मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा अठरावर आला. पराग पोचला होता, तो चक्क नर्सच्या पाया पडायला निघाला. तायडे मॅडम म्हणाल्या, असंच उतरत गेलं तर रक्त बदलायची गरज नाही. दुपारपासून बाळाला दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध द्यायचं होतं. माझे डोळे मिटत होते. काचेच्या खोलीला लागून पडद्याची एक जागा होती, तिथे नर्स बाळाला आणून द्यायची. आई म्हणाली, "तू पड जरा. मी पाजते. तुलाबी मीच पाजलं वाटीनं." मी पडले.

संध्याकाळी आकडा वीस पूर्णांक चार झाला.

तायडे मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "चढायला नको होती," त्या म्हणाल्या. "लाइट चालू आहे, दूध घेतोय. ते कपडे कुठे आहेत?"

"बाहेर. आईजवळ. आत नाही नेले."

"नक्की?"

"नक्की."

"मग मला कळत नाही," त्या म्हणाल्या.  "रक्त मागवून ठेवते. दोन तासांनी परत तपासू. तेव्हा वाढलेली असली तर थांबायचं नाही."

पराग कागदांवर सह्या करायला गेला. मी काचेला कपाळ लावून उभी राहिले. बाळाचा श्वास मोजू लागले. पोट वर, पोट खाली. कुठल्याही एका श्वासानंतर पुढचा आला नाही तर? मी मोजत राहिले. मग नर्स आली, दुधाची वेळ झाली होती, तिनं बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून पडद्याआड आईकडे नेऊन दिलं. मी तशीच उभी होते. पडद्याच्या फटीतून मला आईचे हात दिसत होते.

एका हातानं तिनं मांडीवरचं बाळ सावरलं. दुसरा हात पोलक्यात घातला. तिथून तिनं लाल खणाचं टोपडं काढलं, ओठांना लावलं, आणि बाळाच्या डोक्यावर घातलं. वरून पांढरा टॉवेल ओढून घेतला. "ठकी," ती हळूच म्हणाली. "माझी ठकी आहे नं तू. सांग तिला."

मी पडदा कसा बाजूला केला ते आठवत नाही. टोपडं मी इतक्या जोरात ओढलं की नाडी त्याच्या हनुवटीला घासली आणि तो किंचाळला. त्या किंचाळण्यानं नर्स धावत आली. मी बाळाला तिच्या हातात दिलं. "डोकं पुसा त्याचं, साबणानं पुसा," एवढंच मला म्हणता आलं. मग आईला दंडाला धरून मी बाहेर व्हरांड्यात आणलं.

"किती वेळा?"

"अगं, ओरडतेस काहून?"

"किती वेळा घातलंस?"

"दुपारपासून. पाजताना. तो नियम-बियम माणसांचा असते, बाई. सकाळी उतरली नं त्याची? अजून उतरावी म्हणून..."

"सकाळी टोपडं नव्हतं म्हणून उतरली, आई. दुपारी घातलंस म्हणून चढली."

"काय बोलून राहिली तू?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, चार वाक्यांत. दोष रक्तात आहे हे खरं, पण नुसत्या दोषानं काही होत नाही. डांबरगोळीनं होतं. मुलींना होत नाही, म्हणून मुली जगल्या. मी दादाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

आई भिंतीला टेकली. तिचे ओठ हलत होते, आधी मला वाटलं देवाचं काही म्हणते आहे. मग ऐकू आलं. ती दिवस मोजत होती.

"पाचवीला घातलं त्याला," ती म्हणाली. "सातव्या दिवशी पिवळा झाला. हाव. सातव्याच." मग थांबली. "पिवळा झाला म्हणून मी अजून एक झबलं घातलं. वरून दोन दुपटी. थंडी होती नं. मला वाटलं, जास्त घालू."

"तुला माहीत नव्हतं, आई."

"मला नव्हतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

मी हातातल्या टोपड्याकडे पाहिलं.

"मैथिली. तुला कधी कळलं?"

"काल."

"काल." तिचा आवाज अजिबात वाढला नाही. "काल कळलं अन् तू मला सांगितलं नाही. नियम आहे म्हणाली. कोणासाठी?"

"तुला सहन झालं नसतं."

"माझं काळीज जपून राहिली होती तू? पोराचं रक्त बदलायला निघाले ते लोक, अन् तू माझं काळीज जपून राहिली?"

मला तिनं लहानपणी कधी मारलं नव्हतं. त्या क्षणी मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वळली, थेट तायडे मॅडमच्या खोलीत शिरली, आणि मी दारातून ऐकलं, "मॅडम, टोपडं मी घातलं त्याला. दुपारपासून तीनदा. आता नाही घालणार. सांगा, अजून काय काय बंद करू?"

त्या दोन तासांबद्दल लिहिता येत नाही. रक्ताची पिशवी येऊन ट्रेमध्ये ठेवलेली होती, ती मला काचेतून दिसत होती. आई माझ्यापासून दूर, जिन्याजवळ उभी होती. तिनं अंगावरचं लुगडं, पोलकं सगळं बदललं होतं, दवाखान्याच्या नळावर हात कोपरांपर्यंत साबणानं धुतले होते, पुन्हा पुन्हा धुतले होते, आणि बाळाच्या जवळ ती गेली नाही. पराग आमच्या दोघींच्या मधे कुठेतरी उभा होता. काय झालंय ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आकडा आला. वीस पूर्णांक एक.

"चढली नाही," तायडे मॅडम म्हणाल्या. "थांबते मी. अजून दोन तास."

मग एकोणीस. पहाटे सतरा. सकाळी साडेपंधरा, आणि पिशवी परत गेली. दोन दिवसांनी नागपूरचा रिपोर्ट आला. दोष तोच होता. मॅडमनी एक यादी दिली, कुठली औषधं त्याला आयुष्यात कधी द्यायची नाहीत त्यांची. ती आज आमच्या फ्रिजवर आहे, शाळेच्या फाइलमध्ये आहे, त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात आहे. तो नऊ वर्षांचा आहे आणि कोणाच्याही घरी मुक्कामाला गेलो की अंथरूण घालायच्या आधी मी पांघरुणांचा वास घेते. लोक पाहतात. पाहू देत.

रिपोर्ट आला त्या सकाळी मी आणि आई व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. बाळ माझ्या कुशीत, दवाखान्याच्या पांढऱ्या कापडात. त्या रात्रीपासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. तिच्या पिशवीतला फोन वाजला. कुमुद मावशी. आईनं नाव पाहिलं आणि फोन तसाच वाजू दिला.

"रसिकाला नववा लागला," ती म्हणाली. "मुलगाच आहे असं मावशीचं मन म्हणते. पेटी न्यायला येते म्हणाली परवा."

फोन थांबला.

"मी सांगते मावशीला," मी म्हटलं. "सगळं नाही सांगत. म्हणते की कपडे खराब झाले, कसर लागली, नवीन घे. तिचा तो मुलगा... कशाला आठवण?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आकडे खाली आणताना तायडे मॅडम बाळाकडे बघत तशी, नीट, एकटक.

"अन् तिनं दुसरे जुने कपडे काढले मग? तिच्या स्वतःच्या पेटीतले?"

मी बाळाच्या अंगावरचं कापड सारखं केलं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं उचलला.

"हाव कुमुद. बरा आहे. उतरली. दूध घेते चांगला." तिचा आवाज नेहमीचा होता. "नाही, परवा नको येऊ. पेटी नाही न्यायची. नाही, तसं नाही. ऐक. तू काय करून राहिली आत्ता? उभी आहेस का? घरात कोण आहे तुझ्याजवळ? रसिकाला नको बोलावू. जावई आहेत? मग त्यांना म्हण, जरा जवळ थांबा."

ती थांबली. मोकळ्या हातानं तिनं माझ्या कुशीतल्या बाळाचं पाऊल धरलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"कुमुद, तू आधी खाली बस. बस बाई. मग सांगते."